मागचा टायर रुंद कशाला?
टायरचं दुकान चालवतो म्हटल्यावर हा प्रश्न नेहमीचाच. बीएमडब्ल्यू थ्री सिरीजच्या काही गाड्यांना पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ टायर असतात. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केलात तर मागचा टायर ३० मिमीने जास्त रुंद, पण व्यासातला फरक जेमतेम दीड मिमी! ही मापं काही अंदाजाने ठरलेली नाहीत.

या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते, म्हणून पकडही तिथे जास्त दिलेली. शिवाय वळणावर वेग अती झाला, तर शेपूट फिरण्याआधी पुढची बाजू बाहेर सरकते. ते सावरणं त्यातल्या त्यात सोपं.

याची किंमत मात्र खिशातून जाते. पुढचे टायर मागे टाकून झीज सारखी करता येत नाही, आणि मागची महागडी जोडी बहुधा आधी संपते.

स्विफ्टवाली पोरं मात्र नुसत्या रुबाबासाठी मागे रुंद टायर मागतात. गाडी ओढतात पुढची चाकं! दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एकच माप असेल, तर मी चारही सारखेच बसवतो. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.