सुरतेचा हिरा आणि परक्यांचा कायदा

सुरतेनजीक खजोद येथे उभारलेल्या हिरे बाजाराच्या भव्य वास्तूचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. साडेचार हजारांच्या घरात कचेऱ्या सामावून घेणाऱ्या या इमारतीचे कौतुक देशभर झाले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांचा बारावा संच मंजूर केला आणि त्यात रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. तारखांचा हा शेजार निव्वळ योगायोगाचा. पण सुरतेच्या व्यापाराची अवस्था त्यात नेमकी प्रकट झाली. बाजार आपल्या भूमीवर, त्याचा कायदा मात्र परक्याच्या दारी लिहिला जात आहे.

जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घडतात, आणि त्यांतील बहुतेक सुरतेत. युद्धापूर्वी जगातील कच्च्या हिऱ्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा रशियाच्या अलरोसा कंपनीकडून येत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि एप्रिलमध्ये अमेरिकेने या कंपनीशी व्यवहार करण्यास मनाई केली. तरी एक वाट मोकळी होती. रशियाचा खडा सुरतेत घडला की अमेरिकेच्या जकात कायद्याने तो भारताचा माल ठरे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी आदेश काढून ही वाट बुजविण्याची तरतूद केली. मग १ मार्च २०२४ पासून एक कॅरट व त्याहून मोठ्या, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अर्धा कॅरट व त्याहून मोठ्या रशियन हिऱ्यांना अमेरिका आणि युरोपची दारे बंद झाली, मग पैलू कोठेही पडलेले असोत.

येथील कायद्याने अशी बंदी घातलेली नाही. किंबर्ली प्रमाणपत्राची २००३ पासून चालत आलेली व्यवस्था बंडखोरांना पैसा पुरविणाऱ्या हिऱ्यांपुरती आहे. एखाद्या राष्ट्राच्या युद्धखर्चाचा तिच्यात विचारच नाही. म्हणजे मायदेशी निर्दोष असलेला व्यापारी विदेशी बंदरात संशयित ठरतो. रशियाच्या आक्रमणाचे समर्थन आम्ही करीत नाही. युद्धाचा पैसा अडविण्याचा हेतूही आम्हांस गैर वाटत नाही. आमचा आक्षेप आहे तो पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले गेले याला. अनेक खाणींचा माल एकत्र मिसळून विकण्याची या धंद्याची रीत जुनी आहे. बड्या पेढ्या खाणीपासून दुकानापर्यंतची नोंद ठेवू शकतील; चार घंट्यांवर मजुरीचे काम घेणाऱ्या कारखानदाराने खड्याची जन्मकुंडली कोठून आणावी? अर्ध्या कॅरटखालचा माल वगळल्याने सुरतेला थोडा दिलासा मिळाला, हे मान्य. पण नियमांची अव्यवहार्यता खुद्द युरोपच्याही ध्यानी आली असावी, कारण माग काढण्याच्या सक्तीची तारीख आधी मार्च २०२५ आणि पुढे जानेवारी २०२६ अशी ढकलावी लागली. बोट्स्वाना, अंगोला व नामिबिया या खाणींच्या देशांनीही आपली नाराजी लपवून ठेवली नाही.

सुरतेतील मंदीचे सारे खापर या निर्बंधांवर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चीनमधील मागणी ओसरली, प्रयोगशाळेतील स्वस्त हिऱ्यांनी खाणीच्या हिऱ्याचा भाव खाली आणला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क महिन्याच्या आत ५० टक्क्यांवर नेले. या प्रत्येक आघाताचा शेवट एकाच ठिकाणी होतो. मागणी घटली की आधी सुट्टी लांबते, मग मजुरी उतरते आणि अखेरीस कारागीर गावची गाडी पकडतो. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात. येथे तर ओलेच अधिक जळत आहे.

मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने रत्नकलाकारांसाठी मुलांच्या शालेय शुल्कासह मदतीची योजना जाहीर केली, हे योग्यच झाले. परंतु मदत मागणाऱ्याने आपण कारागीर होतो हे सिद्ध करावे लागते, आणि अनेक लहान कारखान्यांत नेमणुकीचा कागद नाही, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नाही, मजुरी नगावर आणि हिशेब तोंडी. शब्दावर लाखोंचा व्यवहार करणे हे या बाजाराचे भूषण आहे. पण तोच शब्द मंदीच्या दिवशी कारागिराच्या उपयोगी पडत नाही.

म्हणून आमची सूचना दुहेरी आहे. केंद्र सरकारने अमेरिका व युरोपशी बोलणी करताना प्रमाणपत्राची सोय भारतातच व्हावी आणि तिचा खर्च लहान कारखानदारावर पडू नये, असा आग्रह धरावा. व्यापारी संघटनांनी आपल्या घरापासून आरंभ करून प्रत्येक कारागिराची लेखी नोंद करावी. परक्या कायद्याच्या धाकाने खड्याच्या जन्माचा दाखला ठेवण्यास जो बाजार तयार झाला, त्याला त्या खड्याला पैलू पाडणाऱ्या माणसाचा दाखला ठेवणे जड जाऊ नये.