लोहमार्गाची वाट, स्केट्सची चाके

वालूरहून सेलूला गेलात की मनमाड–परभणी लोहमार्ग लागतो. या मार्गाचे चढ-उतार डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, कारण ते मुद्दाम सौम्य ठेवलेले असतात: लोखंडी चाक आणि रूळ यांच्यात घर्षण कमी असते. चढ वाढला की चाके घसरू लागतात. भोर घाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे; तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात.

हाच सौम्य उतार इनलाइन स्केटिंगला, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सवर धावण्याला, उपयोगी पडतो. अमेरिकेत व्हर्जिनियातली एक रेल्वे १९६८ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज सुमारे ७२ किलोमीटरचा पक्का मार्ग आहे. त्यावर लोक चालतात, सायकली आणि स्केट्स चालवतात.

६० किलो वजनाच्या माणसाला शंभरास एक उतार सुमारे ६०० ग्रॅम भाराइतक्या जोराने ओढतो; विसास एक उतार ३ किलोइतक्या. टाचेच्या रबरी ब्रेकवर भिस्त असलेल्या नवशिक्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

पृष्ठभागही तितकाच महत्त्वाचा. स्केटचे ८० मिलिमीटरचे चाक ५ मिलिमीटर उंचीच्या कपचीवर चढवायला सायकलच्या चाकाच्या सुमारे तिप्पट जोर लागतो. पाय अडखळतो, शरीर पुढे झेपावते. म्हणून गुळगुळीत डांबर आणि रोजची झाडलोट हवीच. हेल्मेट, गुडघ्याचे आणि मनगटाचे पॅडही हवेत.

२०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेचे कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. असे खेळाडू घडायचे तर आपल्या तालुक्यांतही वाहनांपासून मुक्त असा एखादा सपाट पट्टा मुलांना मिळायलाच हवा.