श्रीविजय : पाहिलेलं, ऐकलेलं आणि दगडावर कोरलेलं

सुमात्राजवळच्या बांका बेटावरच्या एका शिलालेखातला ‘श्रीविजय’ हा शब्द १९१३ साली डच पंडित केर्न यांनी राजाचं नाव म्हणून वाचला होता. पुढे १९१८ मध्ये जॉर्ज सेदेस यांनी चिनी, तमिळ आणि स्थानिक लेख शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ते सुमात्रातल्या पालेंबांगच्या सागरी राज्याचं नाव निघालं.

गैरसमज : परदेशी लेखकांनी हे राज्य डोळ्यांनी पाहिलं होतं.
सगळ्यांनी नाही. चिनी भिक्षू इत्सिंग मात्र तिथे खरोखर राहिला. इ. स. ६७१ मध्ये तो आला, सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला आणि मग भारताकडे निघाला. परतीच्या वाटेवर तो पुन्हा तिथेच थांबला. ६८९ मध्ये शाई-कागद मागवणारं पत्र द्यायला तो जहाजावर चढला, तेवढ्यात वारा अनुकूल झाला, शिडं उभारली गेली आणि त्याला तसंच चीनला जावं लागलं. भारतातून आणलेल्या त्याच्या पोथ्या श्रीविजयातच राहिल्या, म्हणून तो त्याच वर्षी परत आला. इतका बारीक तपशील जगलेला माणूसच लिहितो.

गैरसमज : मग ऐकीव वर्णनं टाकाऊच.
इथे मात्र घाई नको. अबू झैद हा सिराफ बंदरातला, अरबीत लिहिणारा लेखक. खलाशी-व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकून त्याने दहाव्या शतकात लिहिलं, की झाबगचा, म्हणजे श्रीविजयाचा, महाराजा रोज एक सोन्याची वीट तळ्यात टाकतो, भरतीला विटा बुडतात आणि ओहोटीला चमकतात. झाओ रुगुआ हा चीनमधल्या बंदरावरचा व्यापार-अधिकारी. १२२५ मध्ये तो लिहितो, की तिथले लोक पाण्यावर तराफ्यांची घरं करून राहतात. दोघेही तिथे गेले नव्हते आणि दोघांमध्ये तीन शतकांचं अंतर, तरी दोघांच्याही वर्णनात पाणी आहेच. पालेंबांगजवळ मुसी नदीला आजही भरती-ओहोटी जाणवते. सोन्याच्या विटांवर मी विश्वास ठेवणार नाही, भरतीच्या पाण्यावर ठेवीन. लाकडाची, तरंगती वस्ती असेल तर दगडी राजवाड्यांचे अवशेष का सापडत नाहीत, हेही त्यातूनच उमगतं.

गैरसमज : राजेंद्र चोळाने श्रीविजय जिंकून आपल्या राज्याला जोडलं.
तंजावरच्या शिलालेखात श्रीविजय, कडारम (मलय द्वीपकल्पातलं केडाह) यांसह जिंकलेल्या ठिकाणांची लांबलचक यादी आहे. १०२५ च्या सुमाराची ती स्वारी खरीच झाली आणि तिचा घावही मोठा होता. पण हा विजेत्याने कोरलेला लेख आहे. त्यात जिंकलेलं येतं, पुढे राखलं किती ते येत नाही. चिनी दरबाराच्या नोंदी पाहिल्या तर १०२८ मध्येच श्रीविजयाचा दूत तिथे पोहोचलेला दिसतो. स्वारीच्या सुमारे दोन दशकं आधी याच श्रीविजयाच्या राजघराण्याने नागपट्टिणमला विहार बांधला होता आणि राजराज चोळाने त्यासाठी गाव दिलं होतं. दोन्ही दरबारांचे संबंध एका स्वारीएवढे सरळ नव्हते.

या सगळ्या परक्यांच्या लेखनात जे आलं नाही, ते पालेंबांगजवळच्या तलांग तुवोच्या शिलालेखात आहे. भाषा जुनी मलय, काळ शके ६०६, म्हणजे आपल्या पंचांगातलीच कालगणना. राजा जयनाशाने एक बाग करवली. तिच्यात नारळ, सुपारी, साबुदाण्याचा माड आणि बांबू लावला, तळी खोदली आणि हे सगळं प्राणिमात्रांच्या उपयोगी पडो, असं दगडावर कोरून ठेवलं.