विमान प्रतिकृती, प्रमाणबद्ध
प्रत्यक्ष विमानाची सर्व मापे एकाच गुणोत्तराने कमी करून तयार केलेल्या लहान आकृतीस प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. केवळ दिसण्यात साम्य असलेली वस्तू आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांत भेद आहे. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांत दिवाळीत मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात. त्यात बुरूज, दरवाजा व तटबंदी ओळखू येतात. परंतु डोंगर आणि इमारती यांचे प्रमाण एक नसते. महाड तालुक्यातील रायगड किल्ला समुद्रसपाटीपासून सु. ८२० मी. उंच आहे, ही उंची १ : ७२ या प्रमाणात दाखवावयाची, तर सु. ११ मी. उंचीचा ढीग रचावा लागेल. लढाऊ विमान मात्र या प्रमाणात मेजावर मावते. त्यामुळे येथे एकच प्रमाण सर्वत्र पाळता येते व ते किती पाळले गेले यावर प्रतिकृतीचे मूल्य ठरते. मूळ विमाने मोडीत निघाल्यावर त्यांच्या आकाराची नोंद म्हणून प्रतिकृतीस विशेष महत्त्व येते.

इतिहास व प्रमाणे : १ : ७२ हे प्रमाण इंच-फूट पद्धतीतून आले आहे, त्यात १ इंच म्हणजे ६ फूट होतात. १ : ४८ या प्रमाणात पाव इंच म्हणजे १ फूट होतो. इंग्लंडमध्ये १९३६ मध्ये १ : ७२ प्रमाणाचे प्लॅस्टिकचे जोडसंच विक्रीस आले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची व मित्रांची विमाने आकारावरून ओळखण्याच्या शिक्षणासाठी प्रतिकृती वापरीत. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शालेय विद्यार्थ्यांकडून अशा ५ लाख प्रतिकृती करून घेण्याची योजना हाती घेतली होती. युद्धोत्तर काळात पॉलिस्टायरिनच्या साचेबद्ध भागांमुळे हा छंद सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

मारुत विमान : भारतात अभिकल्पित झालेले पहिले जेट लढाऊ विमान म्हणजे एचएफ-२४ मारुत होय. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये (१९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स) त्याचा अभिकल्प झाला. जेट विमान उडविण्यापूर्वी त्याच आकाराचे, पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर तयार करून १९५९ मध्ये डकोटा विमानाने ओढून त्याची चाचणी घेण्यात आली. आकृतीवरून मूळ वस्तूची वर्तणूक जाणण्याचे हे उत्तम उदाहरण होय. पहिले जेट आदिरूप जून १९६१ मध्ये उडाले. एकूण १४७ विमाने बनली. त्यांपैकी १८ दोन आसनी होती. १९७१ च्या युद्धात त्यांनी राजस्थान आघाडीवर भाग घेतला व १९९० पर्यंत ती सेवेतून गेली. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत ठेवलेले आहे.

मारुतची लांबी १५.८७ मी., पंखविस्तार ९ मी. व उंची ३.६० मी. आहे. १ : ७२ प्रमाणात ही मापे अनुक्रमे सु. २२, १२.५ व ५ सेंमी. होतात. या प्रमाणात १ मिमी.ची चूक मूळ विमानावर ७.२ सेंमी. इतकी ठरते. मागे झुकलेले पंख, मध्ये चिंचोळे होणारे धड आणि दोन्ही बाजूंच्या अर्धवर्तुळाकार वायुमार्गांतील अर्धशंकू हे त्याचे कठीण भाग होत. येथील वक्रता चुकली, तर विमान ओळखू आले तरी प्रतिकृती सदोष ठरते.

मापन : पुन:पुन्हा छापलेल्या रेखाचित्रांत कागदाच्या ताणामुळे लांबी-रुंदीचे गुणोत्तर बदलते, म्हणून ज्ञात मापांशी ते प्रथम ताडून पाहावे. छायाचित्रांत यथादर्शनामुळे दूरचा भाग लहान उमटतो. मारुतच्या नाकापासून १० मी. अंतरावरून, समोरून छायाचित्र घेतल्यास शेपटीच्या टोकाकडील भाग नाकाकडील भागाच्या तुलनेत सु. ३९ टक्के मापाचाच दिसतो. प्रत्यक्ष विमान उपलब्ध असल्यास ओळंबा व फीत यांनी धडाच्या ठराविक अंतरावरील छेदांची मापे घेणे अधिक विश्वसनीय असते.

भौतिक प्रतिकृती : लाकडी प्रतिकृतीत छेदांप्रमाणे पुठ्ठ्याचे फर्मे कापून त्यांच्या आधारे ठोकळा तासतात, काचकागदाने घासतात व सांधे लांबीने भरतात. बाल्सा लाकूड यासाठी प्रसिद्ध आहे. कोकणात पांगाऱ्याचे हलके लाकूडही मिळते. प्रत्येक जाडी मात्र प्रमाणात कमी करता येत नाही. १ मिमी. जाडीचा पत्रा १ : ७२ प्रमाणात ०.०१४ मिमी. होतो, एवढा पातळ थर हाताळता येत नाही. म्हणून केवळ दिसणाऱ्या कडा पातळ करून आतील जाडी राखतात.

संगणकीय प्रतिकृती : येथे विमान मूळ मापातच रचतात. छेदांवरून वक्ररेषा व त्यांवरून पृष्ठभाग तयार करतात किंवा अनेक कोनांतून घेतलेल्या, एकमेकांवर अंशत: येणाऱ्या छायाचित्रांवरून पृष्ठावरील बिंदूंची स्थाने गणिताने काढतात. हीच आकृती पुढे कोणत्याही प्रमाणात त्रिमितीय मुद्रकावर काढता येते. मात्र मूळ मापनातील चूकही प्रत्येक प्रतीत जशीच्या तशी उतरते.

हवामान : महाड-पोलादपूर भागात वार्षिक पाऊस ३,००० मिमी.हून अधिक पडतो. दमट हवेत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. मुद्रणाच्या प्लॅस्टिक तारेने ओलावा शोषल्यास तापविताना त्यात बुडबुडे येतात. लॅकरमधील विद्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. त्यावर बाष्प साचून पांढुरकी झाक येते. त्यामुळे रंगकाम पावसाळ्यानंतर करणे इष्ट असते व तार हवाबंद डब्यात ठेवावी लागते.

रंग व नोंद : संग्रहालयांतील विमाने वेळोवेळी पुन्हा रंगविली जातात व त्यांचे काही भाग बदललेले किंवा गहाळ असतात. मायावरणाच्या (शत्रूस सहज दिसू नये म्हणून दिलेल्या संमिश्र रंगाच्या) छटा केवळ अशा विमानावरून घेतल्यास नंतरचा रंग मूळचा म्हणून रूढ होतो आणि पुढील कारागीर त्याच प्रतिकृतीचा पुरावा मानतात. सेवाकाळातील रंगीत छायाचित्रांशी ताडून पाहणे हा यावरील उपाय होय. विमानाचा क्रमांक, कोणत्या वर्षीचे रूप दाखविले आहे, कोणती मापे प्रत्यक्ष घेतली व कोणती अनुमानित आहेत, यांची नोंद प्रतिकृतीबरोबर ठेवावी. अशी नोंद असलेली साधी लाकडी प्रतिकृतीही अभ्यासकास उपयोगी पडते. नोंद नसलेली अत्यंत रेखीव प्रतिकृती केवळ शोभेची वस्तू ठरते.