वीतभर रुळांवरची खरी गाडी

मंडळी, एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरून, तोंडानं ‘झुकझुक’ करीत अंगणभर धावणारी मुलं कोणत्या गावात नाहीत? पुढचा तो इंजीन, शेवटचा गार्ड आणि मधले सगळे डबे. आईनं जेवायला हाक मारली की गाडी मोडते आणि खेळ संपतो. पण जगात अशीही काही माणसं आहेत, की केस पिकले तरी ज्यांचा हा खेळ संपत नाही. ती आपल्या परसात लोखंडी रूळ टाकतात, इंजीन घडवतात, त्यात कोळसा घालून वाफ करतात, आणि पोराबाळांना मागं बसवून फिरवून आणतात. ही गाडी कशी बांधतात, आणि बांधताना कोणती गोष्ट विसरून चालत नाही, ते आज पाहू.

आधी आकाराचा अंदाज घ्या. आपल्याकडच्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचं दोन फूट. परसातल्या गाडीसाठी साडेतीन इंच, पाच इंच आणि सव्वासात इंच अशी मापं रूढ आहेत. सव्वासात इंच म्हणजे १८.४ सेंटिमीटर. आपल्या वितीपेक्षा दोन बोटं कमीच! अमेरिकेतल्या खऱ्या गाडीचं माप आठास एक या प्रमाणात उतरवलं, की जवळजवळ एवढंच अंतर येतं.

या मापाची सर्वांत गाजलेली गाडी चित्रपटकार वॉल्ट डिस्ने यांची. मिकी उंदराचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. लहानपणी ते रेल्वेच्या डब्यांतून वर्तमानपत्रं आणि खाऊ विकत हिंडले होते. तेव्हापासून मनात शिरलेली गाडी बाहेर निघालीच नाही. १९५० साली लॉस एंजेलिस शहरातल्या आपल्या घराभोवती त्यांनी २,६१५ फूट रूळ टाकले. इंजिनाला पत्नीच्या, म्हणजे लिलियनबाईंच्या, नावावरून ‘लिली बेल’ असं नाव दिलं. बाईंची फुलझाडं रुळांच्या वाटेत येत होती. तेव्हा यजमानांनी फुलांच्या वाफ्याखालून ९० फुटांचा बोगदा काढला. तोही वळणावळणाचा, म्हणजे आत शिरल्यावर पलीकडचं तोंड दिसू नये! आणि घरातल्या जमिनीवरून गाडी नेण्याचा करारनामा घरच्यांशी थट्टेथट्टेनं, पण रीतसर लिहून केला. गार्डाचा डबा त्यांनी स्वतःच्या हातानं घडवला. एवढा मोठा कारखानदार, पण संध्याकाळी पत्रा कापायला आणि लाकूड तासायला बसायचा.

हे ऐकायला गंमतीचं वाटतं. पण खरी मेख पुढंच आहे, आणि शिक्षकबंधूंनी ती फळ्यावर मांडून दाखवण्यासारखी आहे.

एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी आठाव्या हिश्शानं केली, तर वजन आठाव्या हिश्शाचं राहतं का? नाही. आठ गुणिले आठ गुणिले आठ म्हणजे ५१२. वजन पाचशेबाराव्या हिश्शाचं होतं. पन्नास टनांचं इंजीन जवळजवळ शंभर किलोंवर येतं. गाडी लहान झाली, रूळ लहान झाले, पूल आणि बोगदा लहान झाला. पण वर बसणारा माणूस? तो साठ किलोंचा होता, साठ किलोंचाच राहिला! मोठ्या गाडीत माणूस डब्याच्या पोटात बसतो आणि डब्यापुढं त्याचं वजन काहीच नसतं. परसातल्या गाडीत तो डब्याच्या पाठीवर बसतो आणि डब्यापेक्षा तोच जड असतो. या गाडीच्या बांधणीतल्या साऱ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

इंग्लंडमध्ये सर आर्थर हेवूड नावाचे गृहस्थ होते. डर्बीशायर परगण्यात डफील्ड इथं त्यांची जमीन होती. त्यांनी आधी नऊ इंची रुळांचा प्रयोग केला, पण माणसं बसवायची तर हे माप डळमळीत ठरतं असं त्यांना दिसलं. म्हणून १८७४ पासून त्यांनी आपल्या आवारात पंधरा इंची रूळ टाकायला घेतले. नऊ इंचांनी ज्याची खात्री पटली नाही, ते आपण सव्वासात इंचांत करायचं म्हणजे किती जपायला हवं, बघा.

आता बांधणीकडे वळू. सुरुवात इंजिनापासून नव्हे, जमिनीपासून करायची. रूळ टाकायची वाट आधी खुंट्या आणि दोरी लावून आखतात, पाणसळीनं उंचसखलपणा काढतात. पावसाचं पाणी साचणार नाही असा उतार बाजूला देतात. वर बारीक खडी, तिच्यात स्लीपर आणि स्लीपरवर रूळ. खडी कशासाठी? तर पाणी खाली निथळावं आणि स्लीपर जागचा हलू नये म्हणून. रुळांच्या सांध्यांत थोडी फट ठेवावी लागते. दहा मीटर लांबीचा पोलादी रूळ तीस अंश तापला, की साडेतीन मिलिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. त्याला जागा दिली नाही तर भर दुपारी रूळ सापासारखा वाकडा होतो. मोठ्या रुळावर एका मिलिमीटरचा खड्डा कोणाला कळतही नाही. वीतभर रुळावर तेवढ्यानं गाडी डुलायला लागते.

आता डुलण्याचा हिशेब. रुळांच्या मधोमधपासून कोणत्याही एका रुळापर्यंत अंतर ९.२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच बोटं. माणूस आणि डबा मिळून जो भार आहे, त्याचा मध्य एवढा बाजूला सरकला, की गाडी उभ्या जागी कलंडते. म्हणून बसायची जागा होईल तितकी खाली ठेवतात आणि दोन्ही बाजूंना पाय टेकायला फळ्या देतात. पाच इंची किंवा त्याहून लहान रूळ असले, तर पुष्कळदा रूळच कमरेएवढ्या उंच खांबांवर नेतात, म्हणजे बसणाराचे पाय दोन्हीकडे खाली लोंबतात आणि भार खाली उतरतो. बैलगाडीत गवताचा भारा उंच रचला, की उतारावर गाडीवान का घाबरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वळणावर याच हिशेबात वेग मिसळतो. समजा, भाराचा मध्य रुळापासून ४० सेंटिमीटर उंच आहे आणि वळणाची त्रिज्या १० मीटर आहे. गणित केलं, तर ताशी १७ किलोमीटरच्या आसपास ही गाडी उलटते. बसणाऱ्यानं बाहेरच्या अंगाला वाकून कोणाला हात केला, तर त्याच्याही आधी. ताशी ८ किलोमीटरला मात्र ती निर्धास्त जाते. वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. म्हणून सायकलपेक्षाही सावकाश चालणारी ही गाडी भित्री नसते, शहाणी असते.

ओढण्याचा हिशेब सोपा आहे. माणसं आणि डबे मिळून ६०० किलो भार धरा. सपाट रुळावर तो ओढायला भाराच्या शेकडा एक-दोन, म्हणजे ६ ते १२ किलो जोर पुरतो. दर पन्नास फुटांना एक फूट चढ आला, की त्यात आणखी १२ किलोंची भर पडते. शंभर किलोंच्या इंजिनाचा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर असेल, तर ती चाकं कोरड्या रुळावर वीस-पंचवीस किलोंपर्यंत जोर लावू शकतात. म्हणजे त्या चढावर इंजीन अगदी काठावर आलं. रुळावर दव पडलं की चाकं जागीच गरगरतील. आणि जे इंजीन चढावर भार ओढताना दमतं, ते उतारावर एकटं तो भार थांबवणार कसं? म्हणून डब्यांनाही ब्रेक हवेत.

राहिला बॉयलर. इथं तर निसर्ग कसलीच सवलत देत नाही. दर चौरस इंचाला शंभर पौंड दाबाखाली पाणी सुमारे १७० अंश सेल्सियसला उकळतं. बॉयलर हंड्याएवढा असो की कोठीएवढा, ते लहान म्हणून कमी भाजत नाही. उलट, कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसं छोट्या बॉयलरचं सगळं भराभर बदलतं. पाणी बघता बघता खाली जातं आणि वाफही तशीच चढते-उतरते. म्हणून पाणी दाखवणारी काचेची नळी, पाणी आत घालायच्या दोन स्वतंत्र सोयी आणि सुरक्षा-झडपा यांच्याशिवाय जाणता माणूस आग पेटवत नाही. नवा बॉयलर आधी थंड पाणी भरून नेहमीच्या दुप्पट दाबानं तपासतात. हवेनं तपासत नाहीत, कारण दाबलेली हवा फुटली की उसळते. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून चीर पडली तरी नुसतं गळतं.

आता पुन्हा डिस्ने यांच्या परसात जाऊ. तीन वर्षं पाहुणे येत होते, मुलं हसत होती, गाडी फिरत होती. १९५३ साली एके दिवशी इंजीन रुळावरून घसरलं. कोंडलेली वाफ बाहेर आली आणि पाच वर्षांची एक मुलगी भाजली. पैसा, कारागीर, हौस, कशाचीही तिथं वाण नव्हती. तरी हे घडलं. डिस्ने यांनी आपली लाडकी गाडी बंद केली. परसात ती पुन्हा धावली नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. १७ जुलै १९५५ रोजी त्यांची ‘डिस्नेलँड’ ही बाग उघडली, तेव्हा तिच्याभोवती वाफेची गाडी फिरत होती. तिचं इंजीन ‘लिली बेल’च्याच आराखड्यावरून मोठं करून बांधलं होतं, आणि रुळांतलं अंतर होतं तीन फूट. माणसं आता डब्याच्या पाठीवर नव्हे, डब्यात बसत होती. आपल्या पुण्यातही १९५६ साली पेशवे उद्यानात ‘फुलराणी’ सुरू झाली आणि मुलांच्या कितीतरी पिढ्या तिच्यात बसल्या. ‘लिली बेल’ पुढं सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात गेली.

शिक्षकबंधूंनो, शाळेत वाफेचं इंजीन करायच्या फंदात पडू नका; ते जाणत्या कारागिराचं काम. पण अंगणात फक्कीनं वीतभर अंतरावर दोन रेघा ओढा. त्यांच्यामध्ये एक वीट आडवी आणि एक उभी ठेवा. मुलांना दोन्ही विटा एका बोटानं वरच्या कडेला ढकलायला सांगा. कोणती आधी पडते, आणि का, हे त्यांनाच बोलू द्या. मग आठाचा घन करायला लावा आणि विचारा, ‘गाडी लहान झाली, पण काय लहान झालं नाही?’

एखादं पोर उत्तर देईल, ‘गुरुजी, बसणारा!’ त्या पोराला गणितही कळलं आणि जबाबदारीही.