ड्रोनची उत्तर दिशा चुकते तेव्हा

बार्शीहून एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. पुतणीच्या लग्नात वरात निघायच्या वेळी शूटिंगवाल्यानं मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून ड्रोन उडवला. दोन-तीन मजल्यांइतका तो सरळ वर गेला आणि मग एकाएकी गोल गोल फिरू लागला. फेरीगणिक वेटोळं मोठं होत गेलं आणि शेवटी ड्रोन शेजारच्या नारळात अडकला. शूटिंगवाला म्हणाला, ‘वारं होतं.’ वाचक लिहितात, त्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. मग झालं काय?

वर्णन इतकं नेमकं आहे की निदान पत्रातच आलं आहे. वाऱ्यानं ड्रोन एका बाजूला वाहवत जातो, वाढती वेटोळी घेत नाही. असं फिरणं दिसलं की पहिला संशय कंपासवर घ्यायचा.

मांडवावर ड्रोन खिळल्यासारखा उभा राहतो, त्यामागं चार-पाच संवेदकांची सततची देवाणघेवाण असते. हवेचा दाब मीटरमागं साधारण १२ पास्कलनं घटतो; तेवढ्या फरकावरून दाबमापक उंची ओळखतो. जीपीएस जागा सांगतो. आणि यान कलतंय का, वळतंय का, हे सांगतो जायरोस्कोप. हा जायरोस्कोप म्हणजे सिलिकॉनचा सेकंदाला हजारो वेळा थरथरणारा कण. यान वळलं की कोरिऑलिस बलामुळं ती थरथर किंचित आडवी सरकते आणि तेवढ्यावरून चिप वळण मोजते. घरमाशीकडं ही युक्ती कोट्यवधी वर्षांपासून आहे! तिच्या मागच्या पंखांच्या जोडीचे दोन गुंडीदार दांडके झाले आहेत आणि ते हेच काम करतात. हे दांडके आणि पंख एकमेकांशी ताल कसा जुळवतात यावर बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संस्थेतल्या संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुंदर काम केलं आहे. त्यावर एकदा सवडीनं लिहायचं आहे.

पण जायरोस्कोपची एक मर्यादा आहे. आपण किती वळलो हे तो सांगतो, उत्तर कुठं आहे हे सांगत नाही. एका जागी तरंगणाऱ्या ड्रोनचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हे जीपीएसलाही कळत नाही. ते काम एकट्या कंपासचं.

समजा, तुम्ही नवख्या गावात आहात आणि फोनवरून कोणी सांगतंय, ‘दक्षिणेकडं दहा पावलं या.’ तुम्ही पूर्वेलाच दक्षिण समजून बसला आहात. तुम्ही दहा पावलं पूर्वेला जाता. तो म्हणतो, ‘अहो, फार पूर्वेला गेलात, पश्चिमेला या.’ तुमच्या हिशेबानं पश्चिम म्हणजे खरी दक्षिण, तिकडं वळता. सूचना बरोबर आहेत, तुम्ही त्या प्रामाणिकपणे पाळताय, आणि तरी फिरताय गोलच. ड्रोनचं अगदी असंच होतं. दिशेतली चूक थोडी असेल तर वेटोळं आवळत येऊन यान जागेवर पोचतं, मोठी असेल तर रुंदावत जातं. ड्रोनवाले याला ‘टॉयलेट बाउल’ म्हणतात.

आता प्रश्न गच्चीचा. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांचं जाळं असतं. त्यावर ठेवून ड्रोन चालू केला की कंपास सळ्यांनी वाकवलेलं क्षेत्र मोजतो आणि यान तीच उत्तर खरी धरतं. वर गेल्यावर सळ्यांचा प्रभाव ओसरतो, कंपास आता वेगळंच काही सांगू लागतो आणि आधीच्या समजुतीशी त्याचं भांडण सुरू होतं. म्हणून गडबड जमिनीवर दिसत नाही, दोन-तीन मजल्यांवर दिसते. नवरदेवाच्या गाडीच्या बॉनेटवरून ड्रोन उडवतात, तिथंही हाच धोका. डीजेच्या भिंतीजवळ तर विचारूच नका. आपल्याकडं पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम चाळीसेक मायक्रोटेस्लाचं, आणि प्रत्येक बेस स्पीकरमध्ये मोठं चुंबक. सुदैवानं अंतर दुप्पट केलं की अशा चुंबकाचा प्रभाव साधारण आठपट कमी होतो, त्यामुळं दहा-पंधरा पावलं लांब गेलं तरी बराच फरक पडतो.

लोखंडापासून लांब जाण्याचा हा उपाय महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं फार मोठ्या प्रमाणावर केला होता. त्यांचं नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १८४० च्या दशकापासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळात कुलाब्याच्या उपकरणांनी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली, आणि आजही जगभरचे अभ्यासक त्या नोंदीकडं वळतात. पुढं मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून जाणारा प्रवाह कुलाब्याच्या सुया बिघडवणार, हे उघड होतं.

मूस यांनी जागा शोधली अलिबागची. इमारतीसाठी दगड आणवला पोरबंदरचा. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट असतं, त्यामुळं सह्याद्रीचा दगड इथं चालणारा नव्हता. लोखंडाचा खिळासुद्धा टाळायचा, जिथं धातू लागेल तिथं तांबं-पितळ. आणि मला सर्वांत भावतो तो भाग पुढचा. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं त्यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचनं घेतली, म्हणजे जागा बदलली तरी मालिका तुटू नये. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर सगळं जुळून आलं होतं. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे त्यांनी केलेले खंड १९१० मध्ये छापले गेले. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. तिथल्या किनाऱ्यावर दर हंगामात लग्नं लागतात, ड्रोन उडतात; मूस यांचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकातही सापडत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जाता जाता, काही ॲप सौरवादळाचा आकडा दाखवून ‘आज ड्रोन उडवू नका’ असा लाल इशारा देतात. आपल्या अक्षांशांवर कंपासपुरती त्याची धास्ती घेऊ नये. १८५९ ची ती घसरणसुद्धा इथल्या एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास होती, आणि तिनं मुख्यतः क्षेत्राची ताकद घटली. पायाखालचा स्लॅब याहून कितीतरी मोठा घोळ घालतो.

दुसरी जाहिरातबाजी ‘एआय ड्रोन’ची. पॅकेजच्या पत्रकात लिहिलेलं असतं, काही झालं तरी तो आपोआप परत येतो. ‘रिटर्न टू होम’ ही सोय उत्तम आहे. पण घर कुठल्या दिशेला आहे हे ठरवायला तिलाही बहुधा कंपास लागतो. कंपास बिघडलेला असताना ते बटण दाबलं तर यान पूर्ण विश्वासानं भलतीकडं निघू शकतं. नव्या ड्रोनच्या पोटाला खाली पाहणारे कॅमेरे असतात, ते जमिनीची नक्षी पाहून सावरतात. मात्र अंधारात, पाण्यावर किंवा नाचणाऱ्या गर्दीवर त्यांना धड काही दिसत नाही, आणि लग्नात नेमकं हेच सगळं असतं. अशा वेळी यान वाचतं ते चालवणाऱ्याच्या हातानं. न घाबरता, यानाकडं पाहत, रिमोटच्या काड्या उलट देत त्याला मोकळ्या जागी उतरवणं ही शिकून येणारी गोष्ट आहे.

कायद्यातही हाच विचार आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोन हौस म्हणून उडवला तर पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं तर लागतं. नॅनो सोडून बाकीच्यांना तिऱ्हाइतासाठीचा विमाही लागतो. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ते वेगळे पाहावे लागतात. ९०० ग्रॅमचा ड्रोन ३० मीटरवरून पडला, आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर तो ताशी ८५ किलोमीटरहून अधिक वेगानं खाली येतो. खाली आजी, मुलं, वाजंत्री सगळे असतात.

तेव्हा बार्शीच्या वाचकांना आणि यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना सांगणं एवढंच. ॲडव्हान्स देण्याआधी प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद मागून घ्या. ड्रोन उडवायला गच्चीऐवजी मातीचा मोकळा तुकडा द्या, डीजेपासून आणि गाड्यांपासून लांब. शूटिंगवाला पाच मिनिटं कंपास तपासत बसला तर मुहूर्ताची घाई लावू नका. आणि अक्षता पडताना ड्रोन वधूवरांच्या डोक्यावर हवाच, असा आग्रह धरू नका. बाजूनं, थोडा लांबून घेतलेला शॉटही तितकाच देखणा येतो.