आगीवरचा पाऊस आणि त्याचा हिशेब

चित्रपटात कोणीतरी पेटती काडी छताजवळ धरतो आणि साऱ्या इमारतीत एकदम पाऊस सुरू होतो. विद्यार्थी हे दृश्य खरे मानतात. खुद्द काही वास्तुविशारदही मानतात, आणि 'आमची पुस्तके भिजतील' म्हणून स्प्रिंकलर नाकारतात. म्हणून आधी त्या तोटीची रचना पाहू.

छतातील नळाला बसवलेल्या प्रत्येक तोटीचे तोंड एका झाकणाने बंद असते आणि ते झाकण एका बारीक काचेच्या कुपीने दाबून धरलेले असते. कुपीत द्रव आणि हवेचा एक छोटा बुडबुडा असतो. तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो, बुडबुडा नाहीसा होतो, आणि मग जागाच न उरल्यामुळे काच फुटते. द्रवाच्या रंगावरून फुटण्याचे तापमान कळते : लाल ६८ अंश सेल्सिअस, पिवळा ७९, हिरवा ९३. खोलीत एरवी जास्तीत जास्त जेवढे तापमान असेल त्याहून ही मर्यादा निदान ३० अंशांनी जास्त ठेवतात. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात लाल कुपी बसवणे म्हणूनच धोक्याचे.

प्रत्येक कुपी आपापली फुटते. ज्या एकदोन तोट्यांखाली आग आहे, तेवढ्याच उघडतात. (सर्व तोट्या एकदम उघडणारी यंत्रणाही असते, ती मोठे रोहित्र वगैरेंसाठी, वाचनालयासाठी नव्हे.) ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत न्यू हेवन येथे हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी अशा तोटीचे पेटंट घेतले.

आता हिशेब करू. आपल्यापुढे २४ मीटर लांब व १२ मीटर रुंद वाचनालय आहे असे समजा. युरोपीय मानक ईएन १२८४५ अशा जागेसाठी मिनिटाला ५ मिलिमीटर पाऊस मागते. भारतीय मानक आयएस १५१०५ आहेच. प्रत्यक्ष आराखडा त्यानुसार आणि स्थानिक अग्निशमन दलाच्या अटींनुसार करावा लागतो. रीत मात्र तीच.

मिनिटाला ५ मिलिमीटर म्हणजे किती? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपली तोटी आपल्या वाट्याच्या जमिनीवर तेवढा पाऊस सुमारे तीन तास नऊ मिनिटांत पाडील.

एका तोटीकडे जास्तीत जास्त १२ चौरस मीटर जागा द्यायची. २८८ भागिले १२, म्हणजे २४ तोट्या. लांबीकडे ४ मीटरवर सहा, रुंदीकडे ३ मीटरवर चार. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, तेव्हा एका तोटीतून मिनिटाला ६० लिटर हवेत. नेहमीच्या तोटीचे सूत्र असे : प्रवाह (लिटर दर मिनिटाला) = ८० × √दाब (बार). यावरून तोटीपाशी ०.५६ बार दाब लागतो. दाब चौपट केला तर पाणी दुप्पटच मिळते, हे विद्यार्थ्यांकडून आलेखावर काढून घ्यावे.

सगळ्या २४ तोट्यांचे पाणी साठवायचे नाही. मानक म्हणते, सर्वांत दूरच्या ७२ चौरस मीटरमधील तोट्या चालतील असे धरा. म्हणजे ६ तोट्या, ३६० लिटर दर मिनिटाला. तासभर पुरायला २१,६०० लिटर. पंपाजवळच्या तोट्यांत दाब जास्त, म्हणून टाकी याहून थोडी मोठी लागते.

खरी गंमत नळाच्या व्यासात आहे. हेझन-विल्यम्सच्या सूत्राप्रमाणे घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या ४.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ३६० लिटरचा हा प्रवाह आतून ५० मिलिमीटर असलेल्या ३० मीटर नळातून नेला तर सुमारे ०.७४ बार दाब खर्च होतो. ४० मिलिमीटर घेतल्यास जवळजवळ तिप्पट, २.२ बार. छताची उंची ४ मीटर, म्हणजे आणखी ०.४ बार. फाटे सोडून दिले तरी पहिल्या नळाला १.७ बारचा पंप पुरतो, दुसऱ्याला ३.१ बारचा लागतो. नळावर वाचलेले पैसे पंप, त्याची मोटर आणि जनित्र यांवर जातात. कंत्राटदाराने नुसत्या नळाच्या दरावर स्वस्त ठरवलेला प्रस्ताव आम्हाला म्हणूनच कधी पटत नाही.

पाणी सुटायला उष्णता लागते. धूर त्याच्या कितीतरी आधी येतो. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू विभागात आग लागली. तेथे सतरा बालके होती. सात वाचली, दहा दगावली. ज्यांना उचलूनच न्यावे लागते त्यांच्यासाठी मिनिटे हवीत, आणि ती धूर-शोधकाकडूनच मिळवायची असतात.

साध्या शोधकांची मंडल-रचना दहावीच्या मुलांनाही करता येईल. दोन तारांवर सगळे शोधक समांतर जोडतात आणि तारांच्या शेवटी एक रोध, समजा ४,७०० ओहम, बसवतात. २४ व्होल्टला सतत सुमारे ५ मिलिॲम्पिअर धारा वाहते, म्हणजे सारे ठीक. शोधक चालू झाला की तो, समजा, ४७० ओहमचा मार्ग उघडतो. धारा ५६ मिलिॲम्पिअर होते आणि भोंगा वाजतो. तार तुटली तर धारा शून्य, आणि दोषाचा दिवा लागतो. गजर मुका झाला आहे हे तो स्वतःच सांगतो. ९ व्होल्टची बॅटरी, मिलिॲममीटर आणि शोधकांच्या जागी घंटेची बटणे घेऊन हे वर्गात दाखवता येते.

शोधक किती लागतील हे पायथागोरस सांगतो. ब्रिटिश पद्धतीत सपाट छताखालचा कोणताही बिंदू धूर-शोधकापासून ७.५ मीटरच्या आत हवा. वाचनालयाच्या मधल्या रेषेवर एका टोकापासून ४, १२ आणि २० मीटरवर तीन शोधक ठेवा. कोपरा ४ आणि ६ मीटर बाजूंच्या काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर, म्हणजे ७.२ मीटरवर येतो. तीन पुरतात, दोन पुरत नाहीत.

अंदाजपत्रक म्हणजे नकाशावरून मोजणी आणि तिला दराचा गुणाकार. मोजणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, दर बाजारातून किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतून घ्यावेत. तोट्या आणि शोधक डोळ्यांत भरतात म्हणून नवखा माणूस तेच मोजतो. विसरतात ते कोपरजोड, नळ टांगायचे आधार, परांची, रंग, दाबाची दोन तासांची चाचणी आणि वीज गेल्यावरची बॅटरी. शांत असताना ०.३ ॲम्पिअर २४ तास आणि गजर वाजताना १.२ ॲम्पिअर अर्धा तास धरला, तर ७.२ अधिक ०.६ मिळून ७.८ ॲम्पिअर-तास होतात. जुनेपणासाठी सव्वापट केल्यावर ९.७५. बाजारात पुढचे माप १२ चे मिळते, तेव्हा अंदाजपत्रकात १२ लिहायचे, आणि काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्चही त्याच्या खालच्या ओळीत.